मोटार विम्याचे नूतनीकरण : जुन्या ग्राहकानेही भाव विचारावा

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे सोडून शिरपूरच्या दिशेने निघाले, की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. किल्ल्याची टेकडी, तिच्या पायथ्याशी गाव आणि गावात तांब्या-पितळेच्या भांड्यांचा पिढीजात व्यवसाय. हंडा घ्यायचा तर तो आधी तराजूवर चढतो. धातूचा त्या दिवशीचा भाव लावला जातो आणि मग घडणावळीवर घासाघीस सुरू होते. धातूच्या भावात कोणी काही सोडत नाही, कारण तो दुकानदाराच्या हातातला नसतो. घडणावळ मात्र त्याच्या हातात असते आणि गिऱ्हाइकाला ते पक्के ठाऊक असते.

हेच गिऱ्हाईक मोटारीच्या विम्याची मुदत संपत आली, की वेगळे वागते. कंपनीची नूतनीकरणाची सूचना येते किंवा एजंटाचा फोन येतो, आकडा सांगितला जातो आणि गेल्या वर्षीपेक्षा तो फार वाढलेला नसेल तर पैसे भरले जातात. दहा-बारा वर्षे एकाच कंपनीकडे विमा असल्याचे समाधानाने सांगणारे मोटारमालक सोनगीरपासून पुण्या-मुंबईपर्यंत सर्वत्र आढळतात. या निष्ठेबद्दल त्यांना सवलत मिते असा समज असतो. तो नेहमी खरा ठरत नाही.

हप्त्यातील धातू आणि घडणावळ

मोटारीच्या सर्वंकष पॉलिसीचे दोन मुख्य भाग असतात. पहिला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या वाहनामुळे दुसऱ्याच्या जिवाचे किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर त्याची जबाबदारी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. त्याचा दर कंपनी ठरवीत नाही, सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या मोटारीला ७,८९७ रुपये असा हप्ता ठरला. विजेवर चालणाऱ्या मोटारींचे दर वेगळे व कमी आहेत. हे दर सरकारी कंपनीला जे, तेच खासगी कंपनीला. येथे घासाघीस करण्यात अर्थ नाही.

दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा, ज्याला व्यवहारात 'ओन डॅमेज' किंवा नुसते 'ओडी' म्हणतात. अपघात, चोरी, आग, पूर यांत आपल्या मोटारीचे जे नुकसान होईल त्यासाठीचा हा विमा. याचा दर प्रत्येक कंपनी स्वतः ठरविते. विम्याची घडणावळ ती हीच.

हे नेहमीच असे नव्हते. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर १ जानेवारी १९७३ पासून न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांकडेच हा व्यवसाय होता. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, तरी मोटार विम्याचे दरपत्रक सर्वांना एकच होते. टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटीने ठरविलेल्या दराबाहेर कोणालाच जाता येत नसे. त्या काळात धुळ्याच्या शाखेत विमा काढला काय किंवा नाशिकच्या, हप्ता तोच येई. ओळखीच्या विकास अधिकाऱ्याकडे वर्षानुवर्षे नूतनीकरण करण्यात ग्राहकाचे काहीच जात नव्हते. उलट क्लेमच्या वेळी ओळख उपयोगी पडे. १ जानेवारी २००७ पासून ओडी भागाचे दर मुक्त करण्याची प्रक्रिया सुरू झाली. दरपत्रकाचे बंधन गेले, पण त्याने लावलेली सवय अनेक घरांत अजून टिकून आहे, आणि सवयीची किंमत आता मोजावी लागते.

नव्याला सवलत, जुन्याला सूचना

नवा ग्राहक मिळविण्यासाठी कंपनीला स्पर्धा करावी लागते, म्हणून त्याला मोठी सवलत दिली जाते. जुना ग्राहक भाव न विचारता पैसे भरतो हे कंपनीच्या आकडेवारीत स्पष्ट दिसते. अशा ग्राहकाची सवलत दरवर्षी थोडीथोडी कमी केली तरी तो जात नाही. मोटार जुनी होत असल्याने तिची विमा रक्कम उतरते, नो क्लेम बोनस वाढतो आणि हप्ता साधारण गेल्या वर्षीइतकाच राहतो. 'वाढला तर नाही ना', एवढेच पाहणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. खरे तर अशा वर्षी हप्ता कमी व्हायला हवा होता.

ब्रिटनमध्ये या प्रकाराची सरकारी यंत्रणेने दखल घेतली. तेथील वित्तीय नियामकाने केलेल्या पाहणीत सुमारे ६० लाख मोटार व घर विमाधारक जास्त दर भरत असल्याचे आढळले. त्यांना त्यांच्या जोखमीनुसार सरासरी दर लागला असता, तर २०१८ या एका वर्षात त्यांचे १.२ अब्ज पौंड वाचले असते, असा अंदाज निघाला. त्यानंतर १ जानेवारी २०२२ पासून तेथे जुन्या ग्राहकाला त्याच मार्गाने येणाऱ्या नव्या ग्राहकापेक्षा जास्त दर सांगण्यास मनाई करण्यात आली. आपल्याकडे ओडीचा दर स्पर्धेवर सोपविलेला आहे. स्पर्धेचा लाभ घ्यायचा तर 'भाऊ, यंदा काय देता?' हा प्रश्न ग्राहकालाच, आणि एकाहून अधिक ठिकाणी, विचारावा लागतो.

एक हिशेब

समजा, सोनगीरच्या एका दुकानदाराकडे ११९७ सीसीची, धुळे परिवहन कार्यालयात नोंदलेली सहा वर्षांची मोटार आहे. गेल्या पाच वर्षांत त्याने क्लेम केलेला नाही, म्हणून नो क्लेम बोनस कमाल, म्हणजे ५० टक्के आहे. मोटारीची विमा रक्कम, जिला आयडीव्ही म्हणतात, ४ लाख रुपये धरली आहे.

जुन्या दरपत्रकात अशा मोटारीला ३.३५१ टक्के दर होता. दर मुक्त झाल्यानंतरही कंपन्या बहुधा याच आकड्यावर सवलत मोजतात, म्हणून तो घेऊ. ४ लाखांवर १३,४०४ रुपये होतात. जुन्या कंपनीने ५० टक्के सवलत दिली तर ६,७०२ उरतात आणि नो क्लेम बोनस वजा जाता ३,३५१. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळविले की ६,७६७ आणि १८ टक्के जीएसटीसह ७,९८५ रुपये. दुसऱ्या एखाद्या कंपनीने ७० टक्के सवलत देऊ केली, तर याच मोटारीचा, याच विमा रकमेचा हप्ता जीएसटी धरून ६,४०३ रुपये होतो. फरक १,५८२ रुपयांचा. सवलतीचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्यक्षात ते मॉडेल, वय, गाव आणि कंपनीचा अनुभव यांवर बदलतात. वैयक्तिक अपघात विमा व जादा संरक्षणाचे हप्ते यात धरलेले नाहीत.

दर आणि गाव यांचा संबंध जुन्या दरपत्रकापासूनचा आहे. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे 'अ' विभागात आणि बाकीचा देश 'ब' विभागात. धुळे, जळगाव, नाशिक 'ब' मध्ये येतात. मोटार कोठे फिरते याला येथे महत्त्व नाही. नोंदणी कोठे झाली ते पाहिले जाते. पुण्याहून आणलेली जुनी मोटार पुण्याच्याच क्रमांकावर सोनगीरला चालवीत राहिल्यास ती 'अ' विभागातच मोजली जाते. फरक मोठा नसतो, पण असतो.

स्वस्त दिसणारा पर्याय

हप्ता कमी करण्याचा सर्वात सोपा आणि सर्वात घातक मार्ग म्हणजे विमा रक्कम उतरविणे. पाच वर्षांपर्यंतच्या मोटारीचा घसारा ठरलेला आहे : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर मात्र रक्कम कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते, आणि 'संमती' बहुतेक वेळा संगणकाच्या पडद्यावर आधीच भरलेल्या आकड्याला दिलेली असते.

वरच्याच उदाहरणात जुन्या कंपनीने सवलत तीच ठेवून विमा रक्कम ४ लाखांऐवजी ३ लाख केली, तर हप्ता ६,९९७ रुपये होतो. हजाराला दहा-बारा रुपये कमी एवढी बचत दिसते आणि मोटारमालक खूश होतो. उद्या मोटार चोरीला गेली तर त्याच्या हाती एक लाख रुपये कमी पडतात. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला, की मोटार पूर्ण निकामी धरली जाते. ४ लाखांच्या मोटारीला ही मर्यादा ३ लाख रुपये असते, ३ लाखांच्या मोटारीला सव्वादोन लाख. म्हणजे जी मोटार दुरुस्त होऊन रस्त्यावर आली असती, ती भंगारात जाते आणि तिच्या जागी तशीच दुसरी घेण्याइतके पैसेही मिळत नाहीत.

या महामार्गावर ही भीती केवळ कागदी नाही. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर इतर वाहनांना धडकून हॉटेलात घुसला. त्यात किमान दहा जणांचा बळी गेला. उताराच्या या रस्त्यावर अवजड वाहनांच्या मधून रोज मोटार नेणाऱ्याने हजार रुपयांसाठी लाखाचे संरक्षण सोडू नये. दोन कंपन्यांच्या दरांची तुलना करायची तर दोन्हीकडे विमा रक्कम एकच धरून मगच करावी. हे न करता केलेली तुलना म्हणजे पाच किलोच्या हंड्याचा भाव चार किलोच्या हंड्याशी ताडणे होय.

बोनस मोटारीचा नाही, मालकाचा

कंपनी बदलली तर नो क्लेम बोनस बुडेल, ही भीती अनेकांना जुन्या कंपनीकडे थांबविते. ती निराधार आहे. एक वर्ष क्लेम न केल्यास ओडी हप्त्यावर २० टक्के, दोन वर्षे २५, तीन वर्षे ३५, चार वर्षे ४५ आणि पाच वर्षे ५० टक्के असा हा बोनस मिळतो, आणि कंपनी बदलली तरी तो ग्राहकाबरोबर जातो. नव्या कंपनीला जुनी पॉलिसी किंवा नूतनीकरणाची सूचना दाखवावी लागते.

बोनस मोटारीचा नसून मालकाचा असतो. मोटार विकली तर जुन्या कंपनीकडून बोनसचे पत्र घ्यावे. ते तीन वर्षांच्या आत नव्या मोटारीसाठी वापरता येते. जुनी मोटार घेणाऱ्याला आधीच्या मालकाचा बोनस मिळत नाही. अपवाद कुटुंबाचा. मालकाच्या मृत्यूनंतर मोटार पत्नी, पती, मुले किंवा आई-वडील यांच्याकडे आली तर बोनसही त्यांच्याकडे येतो. खानदेशात वडिलांच्या नावावरची मोटार पुढे वर्षानुवर्षे मुलगा चालवीत असल्याचे सर्रास दिसते. अशा घरांनी नोंदणी आणि पॉलिसी दोन्ही वेळीच नावावर करून घेतलेली बरी.

दोन गोष्टींनी बोनस खरोखर जातो. पॉलिसीची मुदत संपून ९० दिवस उलटले तर, आणि क्लेम केला तर. दुसऱ्या कारणाचा हिशेब फार थोडे जण मांडतात. वरच्या उदाहरणात बोनसची किंमत ३,३५१ रुपये, जीएसटीसह सुमारे ३,९५० रुपये आहे. दाराला पोच आला, दुरुस्तीचे चार हजार झाले. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला सक्तीने स्वतः सोसावयाचे १,००० रुपये गेले, सुट्या भागांवरचा घसारा गेला. प्लास्टिक व रबराच्या भागांवर तो ५० टक्के असतो. हातात येणाऱ्या अडीच-तीन हजारांसाठी पुढच्या एका वर्षातच त्याहून जास्त गमवावे लागते, आणि बोनस पुन्हा ५० टक्क्यांवर न्यायला पाच वर्षे लागतात.

आणखी एक प्रकार एजंटांच्या घाईतून घडतो. क्लेम झालेला असूनही नव्या कंपनीच्या अर्जात 'क्लेम नाही' अशी खूण केली जाते, हप्ता झटकन खाली येतो. पुढे मोठा अपघात झाला, की कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते आणि खोट्या माहितीच्या कारणावरून ओडीचा क्लेम अडतो. अर्ज एजंटाने भरला असला तरी उत्तरदायी विमाधारकच असतो. पॉलिसी हातात आल्यावर बोनसची टक्केवारी स्वतः वाचून पाहण्यास दोन मिनिटे लागतात.

दुहेरी पैसे कोठे जातात

१ सप्टेंबर २०१८ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, नव्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. दुचाकीला ही मुदत पाच वर्षांची आहे. मात्र ओडी विमा साधारणतः वर्षाचाच असतो. त्यामुळे नव्या मोटारीच्या पहिल्या दोन नूतनीकरणांत थर्ड पार्टीचे पैसे पुन्हा भरण्याचे कारण नसते; फक्त ओडी घ्यायचा असतो, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून तो कोणत्याही कंपनीकडून स्वतंत्रपणे घेता येतो. मोटार ज्या शोरूममधून घेतली तेथूनच विमा घेतला पाहिजे, असे बंधन नाही. शोरूमने तसे भासविले तरी ग्राहक नकार देऊ शकतो.

मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हीदेखील अशीच जागा. तो आवश्यक आहे, पण प्रत्येक वाहनासाठी वेगळा नको. घरात एकाच नावावर मोटार आणि दोन मोटारसायकली असतील तर एक विमा तिन्हींना पुरतो. १५ लाखांची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी आधीच असेल तर तिचा उल्लेख करून हा हप्ता टाळता येतो. नूतनीकरणाच्या पडद्यावर ही खूण आधीच केलेली असते, ती काढावी लागते.

जादा संरक्षणांचेही तेच. 'झिरो डेप' घेतले तर सुट्या भागांवरचा घसारा कापला जात नाही, त्यामुळे मोटार नवी असताना ते घेण्यासारखे आहे. रस्त्यावरील मदत, हरवलेली किल्ली, उपभोग्य वस्तू असे लहान हप्ते मात्र पहिल्या वर्षी शोरूमने घातलेले असतात आणि दरवर्षी आपोआप पुढे सरकतात. मोटार कंपनीची मोफत मदतसेवा चालू असताना त्याच सेवेसाठी विम्यात पैसे भरणारे कमी नाहीत.

उलट एक नोंद टाळू नये. मोटारीला बाहेरून सीएनजी किंवा एलपीजी किट बसविले असेल तर ते नोंदणी पुस्तकात आणि पॉलिसीत, दोन्हीकडे दाखवावे. तसेच खासगी पॉलिसीवर भाडे घेऊन प्रवासी नेणे. लग्नसराईत पाहुण्यांना मोटार देण्यास हरकत नाही, पण दोंडाईच्याच्या वऱ्हाडाकडून पैसे घेतले आणि वाटेत अपघात झाला तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

केव्हा आणि कसे

मुदत संपण्याच्या महिनाभर आधी सुरुवात करावी. जुन्या कंपनीची सूचना, एक सरकारी कंपनी, एक-दोन खासगी कंपन्या आणि एखादे तुलना करणारे संकेतस्थळ, एवढे पुरेसे आहे. अशा संकेतस्थळावर सर्व कंपन्या असतीलच असे नाही, त्यामुळे धुळ्यातील शाखेत एक फेरी मारण्याचा उपयोग होतो. विमा रक्कम, जादा संरक्षण आणि स्वेच्छेने सोसावयाची रक्कम सर्वांना सारखी सांगून दर लिहून घ्यावेत आणि सर्वात कमी दर जुन्या कंपनीला कळवावा. हातचा ग्राहक जाऊ नये म्हणून तीही पुष्कळदा खाली येते. मग कंपनी बदलण्याची गरजही उरत नाही.

कॅशलेस दुरुस्तीची सोय असलेले गॅरेज धुळ्यात आहे की थेट नाशकात, हेही त्याच वेळी विचारावे. मध्यरात्री महामार्गावर बंद पडलेली मोटार दीडशे किलोमीटर ओढून न्यावी लागली, तर वाचविलेले पैसे त्या एका खेपेत संपतात.

भाव विचारता विचारता मुदत मात्र उलटू देऊ नये. एक दिवस खंड पडला तरी नवी कंपनी मोटारीची तपासणी मागते, आणि त्या दिवसात अपघात झाला तर जबाबदारी पूर्णपणे मालकावर येते. विम्याशिवाय मोटार चालविल्यास कलम १९६ नुसार पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पैसे भरून झाल्यावर चांगला दर मिळाला तर? विमा नियामक प्राधिकरणाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाला पॉलिसी मुदतीत रद्द करता येते आणि वर्षभराच्या पॉलिसीत क्लेम झालेला नसेल तर उरलेल्या दिवसांचा हप्ता त्या प्रमाणात परत मिळतो. आधी दुसरी पॉलिसी हातात घ्यावी, मगच पहिली रद्द करावी. हप्ता, बोनस किंवा क्लेम यांबाबत कंपनीने दाद दिली नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. नियामकाचे 'बिमा भरोसा' हे संकेतस्थळ आणि १५५२५५ हा क्रमांक त्यासाठीच आहे. तेथेही प्रश्न सुटला नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. धुळे जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे.